व्हीआर हेडसेट लावून गाडी चालवण्याचा सराव: बेळगाव-खानापूर-निपाणीकडील नवशिक्यांसाठी

गाडी शिकायला बसलेल्या माणसाला क्लच आणि गिअर जड जातात असे सगळे म्हणतात, पण ते पंधरा-वीस दिवसांत हाताखाली येतात. खरी उशिरा लागणारी सवय असते ती मान फिरवण्याची. डाव्या आरशात पाहणे, वळणाच्या आधीच नजर वळणाच्या शेवटी नेणे, मागे घेताना खांद्यावरून मागे पाहणे, या गोष्टी शिकवणारा शेजारी बसून सांगत असतो तोवर होतात आणि तो उतरला की सुटतात. चोर्ला घाटातून पणजीला जाणारा रस्ता किंवा निपाणीजवळचा तवंदी घाट ज्यांनी स्वतः गाडी चालवत पार केला आहे, त्यांना या सवयीची किंमत वेगळी सांगायला नको.

टेबलावरच्या पडद्यासमोर स्टिअरिंग लावून सराव करता येतो, परंतु तिथे मान हलत नाही. बाजूला पाहायचे तर बटण दाबावे लागते, आणि बटण दाबण्याची सवय खऱ्या गाडीत उपयोगी पडत नाही. व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर बांधायच्या आणि आभासी दृश्य दाखवणाऱ्या उपकरणात, मान वळवली की दृश्य वळते, पुढे झुकले की खांबाआडचे दिसते, आणि बॉनेट आपल्यापासून किती पुढे आहे याचा अंदाज दोन्ही डोळ्यांनी घेता येतो. नवशिक्याला हेडसेटचा उपयोग एवढ्याचसाठी आहे, असे माझे मत गेल्या काही वर्षांच्या वापरानंतर झाले आहे. पुढील सर्व सूचना याच हेतूने लिहिल्या आहेत. शर्यतीच्या हौशीसाठी मांडणी करणाऱ्याला त्यांतील काही वेगळ्या वाटतील.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असावी. घरचा सराव कायद्याच्या दृष्टीने प्रशिक्षण ठरत नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू केले. त्यांत केंद्राकडे सिम्युलेटर (गाडी चालवण्याचा आभास देणारे सरावाचे यंत्र) आणि स्वतंत्र चाचणी मार्ग असणे आवश्यक ठरवले आणि हलक्या वाहनांचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त ४ आठवड्यांत २९ तासांचा ठेवला. म्हणजे सिम्युलेटरचे महत्त्व शासनानेही मानले आहे, पण ते अशा केंद्रातले. घरी कितीही तास बसलात तरी शिकाऊ परवाना, त्यानंतरचे किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चाचणी यांतून सुटका नाही.

कोणी बसू नये

अपस्माराचा त्रास असलेल्यांनी, झटका येऊन गेलेल्यांनी किंवा हृदयात पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट लावू नये. हेडसेटमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी सोडणारे भाग असतात. मेटा कंपनीने आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी किमान वय १० वर्षे ठेवले आहे आणि त्यावरील लहान मुलांचे खाते पालकांच्या देखरेखीखाली असावे लागते. घरातील लहान भावंडे हट्ट करतात, तेव्हा हा नियम त्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा. ताप, सर्दी, कान दुखणे किंवा अपुरी झोप असेल त्या दिवशी सराव करू नये.

पहिली पायरी: बैठक

बहुतेक नवशिके आधी हेडसेट विकत घेतात आणि मग स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला अडकवून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतात. ब्रेक जोरात दाबला की खुर्ची मागे सरकते, पेडल पुढे घसरते, आणि डोळ्यांवर हेडसेट असल्यामुळे नेमके काय झाले ते कळतही नाही. म्हणून पैसे थोडेच असतील तर आधी बैठकीवर खर्च करावा.

आपल्या भागात ही गोष्ट अवघड नाही. बेळगावच्या उद्यमबागेत आणि आसपास फॅब्रिकेशनची इतकी कामे चालतात की दीड इंची चौकोनी पाइपाची चौकट तयार करून घेणे हे परदेशी चौकट मागवण्यापेक्षा सोपे आणि मजबूत पडते. वेल्डिंग करणाऱ्याला नुसता मोबाइलवरचा फोटो दाखवू नये. कागदावर मापे काढून न्यावीत. ती मापे घेण्याची रीत अशी: घरातील किंवा ओळखीच्या कोणाच्या गाडीत, जी गाडी पुढे चालवणार आहात तिच्यात, नीट बसा आणि टेप घेऊन चार अंतरे मोजा. सीटच्या पुढच्या काठापासून ब्रेक पेडलपर्यंतचे, सीटच्या पाठीपासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचे, जमिनीपासून सीटच्या उंचीचे आणि जमिनीपासून स्टिअरिंगच्या मध्याच्या उंचीचे. सीट जुन्या मारुतीची भंगारवाल्याकडून मिळाली तर उत्तम, मात्र तिचे सरकण्याचे रूळ शाबूत आहेत का ते पाहून घ्यावे, कारण घरातील वेगवेगळ्या उंचीची माणसे बसणार असतात. पेडल ज्या पट्टीवर बसवायचे ती पट्टी मागेपुढे करता येईल अशी भोके पाडून घ्यावीत, आणि पायाखाली रबरी चटई टाकावी.

गिअरच्या दांड्याची बाजू हा असा तपशील आहे की जो परदेशी छायाचित्रे पाहून चुकतो. तिथे दांडा उजव्या हाताला बसवलेला दिसतो, कारण त्यांच्या गाड्यांत चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे चालक उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला. चौकट बनवतानाच दांड्याचा आधार डावीकडे ठेवायला सांगा. इंडिकेटरसाठी बटण ठरवतानाही आपण शिकणार असलेल्या गाडीत इंडिकेटरची काडी कोणत्या हाताला आहे ते पाहून त्याच हाताचे बटण निवडा. मारुती, ह्युंदाई, टाटा यांच्या बहुतेक गाड्यांत ती उजवीकडे असते.

स्टिअरिंग कोणते घ्यावे याबद्दल थोडक्यात सांगतो. नवशिक्यासाठी लॉजिटेकचे जी२९ किंवा जी९२३ पुरते. ती ९०० अंश फिरतात, हाताला रस्त्याचा जोर देतात आणि सोबत तीन पेडल येतात. गिअरचा दांडा मात्र वेगळा घ्यावा लागतो. याहून जोरकस, मोटार थेट स्टिअरिंगच्या अक्षाला जोडलेली स्टिअरिंग मिळतात, पण ती पहिल्या वर्षी लागत नाहीत. विजेचा प्रवाह सुरू होताच ही स्टिअरिंग स्वतःचा मध्य शोधण्यासाठी दोन्ही टोकांपर्यंत झपाट्याने फिरतात, हे घरातील सर्वांना सांगून ठेवा. वीज गेली आणि पुन्हा आली की हे आपोआप घडते, आणि त्या वेळी आऱ्यांमध्ये अडकलेली बोटे दुखावतात.

दुसरी पायरी: हेडसेटची निवड

आज नव्याने घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात: प्रत्येक डोळ्याला चित्राचे किती बिंदू (पिक्सेल) मिळतात, लेन्स कोणत्या प्रकारची आहे, आणि डोळ्यांतील अंतराप्रमाणे लेन्स किती सरकते. मेटा क्वेस्ट ३ मध्ये, जो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ बिंदू मिळतात आणि त्याच्या चपट्या पॅनकेक लेन्समधून कडेपर्यंत स्पष्ट दिसते. त्याच्या पुढच्या वर्षी आलेल्या स्वस्त क्वेस्ट ३एस मध्ये १८३२ गुणिले १९२० बिंदू आणि जुन्या पद्धतीची फ्रेनेल लेन्स आहे. तिच्या मध्यभागी चित्र स्वच्छ असते, कडेला धूसर होत जाते. गाडी चालवताना या धूसरपणाचा अर्थ असा की नुसते डोळे फिरवून आरसा वाचता येत नाही, मान वळवावी लागते. शिकणाऱ्याचे यात नुकसान नाही, असे मी मानतो. ज्यांचे बजेट कमी आहे त्यांनी ३एस घेऊन उरलेले पैसे पेडल आणि सीटवर घालावेत.

जुन्या बाजारात एचपी रिव्हर्ब जी२ सारखे विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी प्रकारचे हेडसेट आकर्षक किमतीला दिसतात. ते चांगले होते, पण मायक्रोसॉफ्टने २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून त्यांचा आधार काढून टाकला. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ५ आहे त्यांच्यासाठी पीएस व्हीआर२ हा स्वतंत्र पर्याय आहे. ग्रान टुरिस्मो ७ हा खेळ त्यावर फेब्रुवारी २०२३ पासून पूर्ण चालतो, मात्र तो वाहतुकीचा नसून शर्यतीचा खेळ आहे. कोणताही हेडसेट घेताना दुरुस्तीची हमी भारतात लागू आहे की परदेशातून आणलेला नग आहे, हे विक्रेत्याकडून बिलावर लिहून घ्यावे.

चष्मा असणाऱ्यांनी चष्म्याची काच आणि हेडसेटची लेन्स एकमेकींवर घासू देऊ नये. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडचा भाग पुढेमागे सरकवून जागा करता येते. क्रमांक जास्त असेल तर हेडसेटमध्ये बसणाऱ्या क्रमांकाच्या लेन्स करून घेणे दीर्घकाळ सोयीचे पडते.

तिसरी पायरी: संगणक आणि जोडणी

हेडसेटला दर सेकंदाला ७२ ते ९० चित्रे लागतात, तीही दोन डोळ्यांसाठी वेगवेगळी. ९० चित्रांसाठी संगणकाला प्रत्येक चित्राला साधारण ११ मिलिसेकंद मिळतात, ७२ साठी जवळपास १४. ही वेळ पाळता आली नाही की चित्र अडखळते, आणि अडखळणारे चित्र हे मळमळीचे मोठे कारण आहे. आरटीएक्स ३०६० च्या तोडीचे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी मेमरी असेल तर सुरुवातीचे खेळ ७२ चित्रांवर स्थिर चालतात. सुरुवातीला सावल्या, प्रतिबिंबे आणि गवत-झाडांची घनता सर्वांत खाली ठेवा, बिंदूंची संख्या मात्र कमी करू नका. सुंदर सावलीपेक्षा दूरची गाडी स्पष्ट दिसणे महत्त्वाचे आहे. आरशांची गुणवत्ताही संगणकावर ओझे टाकते, परंतु ती आपण कमी करणार नाही, कारण आरसा पाहायला शिकण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

क्वेस्ट संगणकाला यूएसबी तारेने किंवा वायफायने जोडता येतो. नवशिक्याने तारच वापरावी. बसून सराव करायचा असल्यामुळे तार पायात येत नाही, चार्जिंग चालू राहते आणि चित्र पोहोचण्यात उशीर कमी होतो. तार डाव्या खांद्यावरून मागे नेऊन सीटला पट्टीने बांधा, म्हणजे मान वळवताना ती ओढली जाणार नाही. वायफायच हवे असेल तर राउटर त्याच खोलीत, ५ गिगाहर्ट्झवर असावा आणि संगणक त्याला तारेने जोडलेला असावा. दोन्ही बाजूंनी हवेतून जोडणी केली की चित्र मध्येच थांबते.

संगणकावर गाडी चालवण्याच्या खेळांपैकी दोन पुरे आहेत. असेटो कोर्सा हा २०१४ मधील खेळ जुना असला तरी हलका आहे, व्हीआरमध्ये चांगला चालतो आणि त्यात रस्ते-गाड्यांची भर टाकणारी मोठी मंडळी आहे. दुसरा युरो ट्रक सिम्युलेटर २. हा २०१२ मध्ये आला. त्याच्या मूळ नकाशात ब्रिटन आहे, जिथे आपल्यासारखीच वाहतूक डावीकडून चालते, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेला ट्रक घेता येतो आणि चौकाच्या वर्तुळाभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरावे लागते. युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र सराव करू नये. उजवीकडून चालण्याची सवय हाताला लागली तर ती मोडायला वेळ जातो. ब्रिटनमधील वेगमर्यादेच्या पाट्या मैलांत असतात, एवढे ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: डोळ्यांचे माप आणि दृश्याचा मध्य

दोन बाहुल्यांमधील अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर असते, पण माणसामाणसांत ते बरेच बदलते. चष्म्याच्या दुकानात हे माप विनाविलंब मिळते. नाहीतर आरशासमोर नाकावर पट्टी धरून मित्राकडून मोजून घ्यावे. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून लेन्स मापाला आणता येते, ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत, त्यांपैकी जवळची निवडावी. माप चुकले तर डोके दुखते, शिवाय अंतराचा अंदाजही बिघडतो.

पट्टा बांधताना मागचा भाग डोक्याच्या मागील उंचवट्याखाली बसला पाहिजे. नवशिके पुढून आवळतात आणि अर्ध्या तासात गालावर वळ उठतात. क्वेस्ट ३ चे वजन सुमारे ५१५ ग्रॅम आहे आणि ते सगळे चेहऱ्याकडे असते. वरचा पट्टा नीट ओढला की हा भार कपाळावरून डोक्यावर जातो.

आता सीटवर पाठ टेकून, डोके सरळ ठेवून बसा आणि दृश्य मध्यावर आणण्याची आज्ञा द्या. ही आज्ञा स्टिअरिंगवरच्या एखाद्या सहज सापडणाऱ्या बटणावर आधीच नेमून ठेवा, कारण हेडसेटमधून ना तुमचे हात दिसतात ना कळफलक. त्यानंतर खेळातील सीटची उंची आणि पुढेमागे अंतर असे जुळवा की डोळ्यांना दिसणारे स्टिअरिंग आणि हातात असलेले स्टिअरिंग एकाच जागी येईल. पडद्यावर खेळणारे दृश्याचा कोन किती ठेवावा यावर वाद घालतात; व्हीआरमध्ये तो प्रश्न उरत नाही, जग मूळ मापातच दिसते. त्यामुळे बॉनेट खूप लांब किंवा स्टिअरिंग ताटाएवढे मोठे भासत असेल तर सीटची जागा किंवा डोळ्यांचे माप चुकले आहे, असे समजावे.

पाणी प्यायचे किंवा कोणी खोलीत आले तर क्वेस्ट ३ च्या बाजूवर दोनदा टिचकी मारा. बाहेरचे कॅमेरे चालू होऊन खोली दिसते. ही सोय पहिल्या दिवशीच चालू करून घ्यावी.

पाचवी पायरी: मळमळ

याबद्दल सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण हेडसेट घेऊन महिन्याभरात कपाटात ठेवून देणाऱ्यांपैकी बहुतेकांचे कारण हेच असते. डोळे सांगतात की गाडी धावते आहे. आतल्या कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये सांगतात की शरीर स्थिर आहे. या दोन साक्षी जुळत नाहीत आणि शरीर मळमळीने तक्रार करते. एसटीच्या मागच्या सीटवर पुस्तक वाचताना जे होते त्याची ही उलटी बाजू आहे: तिथे शरीर हलते आणि डोळ्यांना स्थिर पान दिसते.

साक्षींतील विसंगती सर्वांत जास्त असते ती जोरात ब्रेक लावताना, तीव्र वळणावर, मागे घेताना आणि गाडी गरगर फिरली तर. म्हणून क्रम असा ठेवावा. पहिल्या दिवशी गाडी उभीच ठेवून दहा मिनिटे आत बसा; तिन्ही आरसे पाहा, मागची काच पाहा, डॅशबोर्ड वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सरळ रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आत हळूहळू वेग वाढवा आणि हळूहळू थांबा. वळणे चौथ्या दिवशी, मागे घेणे दुसऱ्या आठवड्यात. कॅमेरा हलवणारे, गाडीच्या धक्क्याबरोबर डोके हलवणारे सगळे पर्याय बंद करा. दृश्य क्षितिजाला बांधून ठेवण्याची सोय असेल तर ती चालू करा. बाहेरून गाडी पाहण्याचे दृश्य आणि चालवून झाल्यावर येणारी पुनर्दृश्ये हेडसेटमध्ये कधीच लावू नका.

समोरून टेबलफॅनचा वारा घ्यावा. त्याने घाम कमी होतो आणि आपण कोणत्या दिशेला तोंड करून बसलो आहोत याची जाणीव शरीराला राहते. पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब भरलेले नसावे; काहींना आल्याचा तुकडा चघळल्याने बरे वाटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पहिली खूण ओळखणे. जांभया येणे, तोंडात लाळ सुटणे, कपाळ गरम होणे, थंड घाम फुटणे यांपैकी काहीही झाले की त्याच क्षणी डोळे मिटून हेडसेट काढा. सहन करत राहिल्याने सवय होते असा समज आहे, पण अनुभव उलट सांगतो: दोन-तीनदा ओकारीपर्यंत ताणले की पुढे नुसत्या हेडसेटच्या वासानेही पोट ढवळते. थोडे थोडे आणि त्रास होण्याआधी थांबणे, याच मार्गाने बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत सवय होते. ज्यांना तेवढ्यानेही होत नाही, त्यांनी स्वतःला दोष न देता पडदा वापरावा.

हेडसेट काढल्यावर लगेच दुचाकी किंवा गाडी चालवू नये. सुरुवातीच्या दिवसांत मी पाऊण तासाच्या सरावानंतर तसाच स्कूटर घेऊन टिळकवाडीच्या रेल्वे गेटकडे निघालो. समोरच्या रिक्षाचे अंतर नीट कळेना, तेव्हा बाजूला थांबलो आणि स्कूटर ढकलत घरी आणली. त्यानंतर सराव आणि रस्ता यांत किमान एक तास सोडण्याचा नियम मी कधी मोडलेला नाही, आणि डोके जड असेल तर तो तासही पुरेसा धरत नाही.

सहावी पायरी: काय सराव करावा आणि काय करू नये

पहिला सराव आरशांचा. रस्ता बदलण्यापूर्वी मधला आरसा, मग त्या बाजूचा आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर आणि मगच स्टिअरिंग, हा क्रम मोठ्याने म्हणत करावा. माझ्या मामांनी अनेक वर्षे गोव्याच्या रस्त्यावर ट्रक चालवला, त्यांचे म्हणणे असे, "डोळे फिरवलेस तर तुला वाटतं की बघितलं, मान फिरवलीस तर खरंच बघितलंस." हेडसेटमध्ये हे आणखी खरे आहे, कारण क्वेस्ट ३ चे आडवे दृश्य सुमारे ११० अंशांचे असते, तर उघड्या डोळ्यांना दोनशे अंशांच्या आसपास दिसते. बाजूने येणारी सायकल किंवा रस्त्यात शिरणारी म्हैस नजरेच्या कडेला दिसण्याची सोय इथे नाही. मान वळेल तेवढेच जग.

दुसरा सराव थांबण्याचा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपलेले असतात. रस्त्याकडेचा एखादा खांब ठरवा आणि ४०, ५०, ६० अशा वेगांत त्याच्यापाशी धक्का न देता थांबण्याचा प्रयत्न करा. जवळच्या अंतराचा अंदाज हेडसेटमध्ये चांगला येतो, त्यामुळे या सरावाचा आणि अरुंद जागेत गाडी मागे घेण्याच्या सरावाचा लाभ खऱ्या गाडीत थेट दिसतो. शहापूरच्या गल्लीत किंवा खडेबाजारात गाडी वळवायची असेल तर नेमके हेच लागते.

तिसरा सराव घाटाचा. असेटो कोर्सामध्ये डोंगरी रस्त्यांचे नकाशे घालता येतात. उतारावर वळणाच्या आधी वेग कमी करणे, खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवणे, वळणात आपली डावी बाजू न सोडणे आणि नजर वळण संपते तिथे ठेवणे, एवढेच करावे. चाके ओरडतील इतक्या वेगात वळण घेऊन पाहण्याचा मोह सर्वांना होतो. त्यातून पुढे रस्त्यावर घातक ठरणारी एकच गोष्ट शिकायला मिळते, ती म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून सुरू करता येते ही भावना.

आणि ओव्हरटेक. याचा सराव हेडसेटमध्ये करू नये, असे मी ठामपणे सांगतो, आणि त्याचे कारण हिशोबाने मांडतो. गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पदोपदी भेटतो. तो ताशी २० ने चालला आहे, तुम्ही ५० ने. म्हणजे तुम्ही त्याच्यापेक्षा सेकंदाला सुमारे ८.३ मीटर जास्त जाता. त्याची लांबी १५ मीटर, मागे आणि पुढे सोडायचे अंतर प्रत्येकी १५ मीटर धरले तर ४५ मीटर भरून काढायला साधारण ५.४ सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही ७५ मीटर पुढे जाता, आणि समोरून ताशी ६० ने येणारी गाडी ९० मीटर जवळ येते. म्हणजे निघताना समोर किमान १६५ मीटर रस्ता मोकळा पाहिजे, सुरक्षिततेसाठी याच्या दुप्पट. आता क्वेस्ट ३ मध्ये एका अंशाला सुमारे २५ बिंदू येतात. निरोगी डोळ्याची क्षमता साधारण ६० ची असते. १.७ मीटर रुंदीची मोटार १६५ मीटरवर त्यात जेमतेम १५ बिंदू रुंद दिसते, ३०० मीटरवर ८. एवढ्या ठिपक्यावरून ती गाडी किती वेगाने येते आहे हे ठरवायला शिकणे म्हणजे चुकीच्या मापाने शिकणे होय. ओव्हरटेक शिकवणाऱ्याबरोबर, दिवसाउजेडी, खऱ्या रस्त्यावरच शिकावा. हेडसेटमध्ये करण्याजोगा सराव एकच: मोठ्या वाहनामागे अंतर राखून, कंटाळा न करता, दहा मिनिटे तसेच चालत राहणे.

एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटे, मध्ये विश्रांती, आणि दिवसाला एक तासाहून अधिक नको. प्रत्येक बैठकीनंतर काय चुकले ते वहीत एका ओळीत लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी तीच ओळ पुन्हा पुन्हा आलेली दिसेल आणि पुढचा सराव कशाचा करायचा ते आपोआप ठरेल.

पावसाळा, ऊन आणि वीज

खानापूरकडच्या पावसात भिंतींना ओल येते तशी लेन्सलाही बाधते. हेडसेट घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि लेन्स फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये. उन्हाचे त्याहून मोठे भय आहे. खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप लेन्सवर पडली तर भिंगासारखी एकवटून आतला पडदा जाळते, आणि तो डाग पुन्हा जात नाही. संगणकाला यूपीएस असावा, कारण चालू सरावात वीज गेली तर डोळ्यांसमोरचे जग अचानक नाहीसे होते आणि तोल जातो.

शेवटी खऱ्या गाडीत

हेडसेटमधून निघून शिकण्याच्या गाडीत बसल्यावर तीन फरक पहिल्याच दिवशी जाणवतात. घरच्या क्लच पेडलला पकड कुठे येते ते पायाला कळत नाही, खऱ्या गाडीत ते इंजिनाच्या थरथरीतून कळते. म्हणून चढावर गाडी उचलण्याचा सराव घरी झाला आहे असे समजू नये. ब्रेक अपेक्षेपेक्षा हलका लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानावर दहा-बारा वेळा नुसते थांबून पाहावे. आणि शिकवणाऱ्याला आधीच सांगावे की आपण सिम्युलेटरवर सराव केला आहे, म्हणजे हात सफाईने चालताना पाहून तो आपल्याला लवकर रहदारीत नेणार नाही. तो शेजारी बसला की पहिली पाच मिनिटे गाडी सुरू करू नका. सीट सरकवा, तिन्ही आरसे आपल्या डोळ्यांना जुळवा, आणि घरी म्हणत होता तोच क्रम एकदा मोठ्याने म्हणून दाखवा.